आयातीचा परवाना कोणाच्या नावावर असतो?

प्रश्न : बिरसीत आमचे राइस मिलच्या सुट्या भागांचे वर्कशॉप आहे. पॉलिशरच्या जाळ्या, स्टेनलेस स्टीलचे पत्रे आणि नट-बोल्ट चीनमधून मागवायचे आहेत. परवान्यापायी माल बंदरात अडकतो असे ऐकतो. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, बिरसी (जि. गोंदिया)

उत्तर : माल अडकतो न्हावा शेवाला, पण अडकण्याचे कारण बहुधा ऑर्डर देतानाच तयार झालेले असते. पोलादाच्या आयातीवरची सिम्स (स्टील इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टीम) ही नोंदणी १ नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झाली. ती आयातदाराने स्वतः ऑनलाइन करायची. नोंदणी क्रमांक आपोआप मिळतो आणि तो बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे सीमाशुल्काकडे भरायच्या आयात विवरणपत्रात, लिहायचा. इथे विसरभोळेपणाखेरीज फारसे काही आड येत नाही. खरी मेख बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) आहे. गुणवत्ता नियंत्रण आदेशात येणारा माल मानक चिन्हाशिवाय आणता येत नाही आणि ते चिन्ह लावण्याचा परवाना तुम्हाला मिळतच नाही. तो परदेशी उत्पादकाला, त्याच्या त्या ठरावीक कारखान्यासाठी मिळतो. तो नसेल, तर कंटेनर उतरल्यावर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधीच परवाना क्रमांक मागून घ्या, त्यात तुमचा ग्रेड आणि जाडी बसते का ते पाहा. विकणारा नुसता व्यापारी असेल, तर मूळ कारखान्याचे नाव विचारा.

‘आम्ही पत्रा नव्हे, मशीनचे भाग आणतो’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. केवळ राइस मिललाच बसणारा भाग सीमाशुल्क दरपत्रकातल्या ८४३७ या शीर्षकाखाली जाऊ शकतो. नट-बोल्ट मात्र कोणत्याही मशीनचे असोत, ७३१८ मध्येच राहतात. साधा पत्रा तर ७२ व्या प्रकरणातला. म्हणजे एकाच खोक्यातल्या तीन वस्तूंना तीन वेगवेगळे नियम. जाळीबद्दल शंका असेल आणि माल वारंवार आणायचा असेल, तर मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्णयासाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे. एका खेपेसाठी हा खटाटोप परवडणार नाही, हे खरे.

‘हे सगळे एजंट बघेल’ असेही म्हणतात. एजंट कागद दाखल करतो. नसलेला परवाना तो कुठून आणणार? बिरसीचा विमानतळ दाराशी असला, तरी परदेशी मालाची सोडवणूक तिथे होत नाही. तुम्हाला नागपूर किंवा मुंबईच गाठावी लागेल. एजंटाकडून बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरून घ्या. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो, डिमरेज (माल पडून राहिल्याचे भाडे) वेगळे. आदेशांच्या याद्या आणि सवलती सतत बदलतात, तेव्हा मागच्या खेपेचा कागद पुढे करू नका. ऑर्डरच्या दिवशीची अधिसूचना काढून पाहा.