नाव विचारणारा पहारेकरी

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड नावाचे गाव आहे. समजा, तेथील एका विद्यार्थिनीच्या घरी एक जुना संगणक आहे. नेहमीचे ब्राउझर त्यावर फार हळू चालतात, म्हणून तिने एक हलका, पण फारसा प्रचलित नसलेला ब्राउझर बसवून घेतला. त्यावर वर्तमानपत्र वाचता येते, परीक्षेचा निकालही पाहता येतो. एके दिवशी शिष्यवृत्ती जमा झाली का, हे पाहण्यासाठी तिने आपल्या बँकेचे संकेतस्थळ उघडले. पडद्यावर अक्षरे उमटली : 'आपला ब्राउझर येथे चालणार नाही.' आता बँकेत जायचे, म्हणजे तिची शाळा बुडणार आणि सोबत येणाऱ्या वडिलांची एका दिवसाची मजुरीही.

संगणक चालू, जोडणी चालू, खाते तिचेच. मग दार बंद का? आणि तिच्या घरात कोणता ब्राउझर आहे, हे बँकेला कळले तरी कसे?

ब्राउझर एखादे पान मागतो तेव्हा त्या मागणीबरोबर आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवितो. तिला 'युजर एजंट' म्हणतात. आपले नाव, आवृत्ती, संगणक कोणत्या प्रणालीवर चालतो, एवढी माहिती तीत असते. बँकेच्या संगणकाकडे ठराविक नावांची यादी असते. यादीत नाव नसले की पान नाकारले जाते.

आता या ओळीचा इतिहास पाहू या. १९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर हा ब्राउझर आला. तो स्वतःला 'मोझिला' म्हणवीत असे. त्याला नव्या पद्धतीची पाने दाखविता येत. म्हणून अनेक संकेतस्थळे 'मोझिला' हे नाव पाहूनच तशी पाने पाठवू लागली. १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आला. पाने आपल्यालाही मिळावीत, म्हणून त्यानेही आपल्या ओळीत 'मोझिला' लिहिले! २००३ मध्ये आलेल्या सफारीने 'गेकोसारखा' असे शब्द जोडले; गेको हे मोझिलाचे यंत्र. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने सफारीचे नावही आपल्या ओळीत ठेवले. म्हणून आजही क्रोमच्या ओळीत मोझिला, गेको, सफारी ही सगळी नावे सापडतात. व्हिव्हाल्डी नावाच्या ब्राउझरला अनेक संकेतस्थळे अडवीत. तेव्हा डिसेंबर २०१९ पासून त्याने बहुतेक ठिकाणी आपले नाव सांगणेच सोडले आणि तो क्रोमची ओळख देऊ लागला. नाव बदलताच बंद दारे उघडली. ब्राउझर मात्र तोच होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ही ओळ म्हणजे ओळखपत्र नव्हे, केवळ तोंडी सांगितलेले नाव आहे. ती कोणालाही हवी तशी लिहिता येते. चोर आला तर तो यादीतलेच नाव सांगेल. अडकेल ती खरे बोलणारी दुसरबीडची विद्यार्थिनी!

मग बँकेची काळजी खोटी आहे काय? नाही. बँक आणि ब्राउझर यांच्यातील मजकूर 'टीएलएस' नावाच्या पद्धतीने सांकेतिक केलेला असतो. या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या दुबळ्या ठरल्याने मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद करण्यात आल्या. तसेच ऑपेरा मिनीसारखे काही ब्राउझर डेटा वाचविण्यासाठी पान मधल्या एका संगणकावर उलगडून, आकसून पुढे पाठवू शकतात. तेथे बँक आणि ग्राहक यांच्यामध्ये तिसरा येतो. अशा वेळी सावध राहणे योग्यच. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला सूचना देण्यापुरता ओळखीच्या ओळीचा उपयोगही आहे.

परंतु टीएलएसची पारख करायला नाव लागत नाही. संभाषणाच्या आरंभीच दोन्ही बाजू कोणत्या आवृत्त्या येतात हे एकमेकांना सांगतात. ब्राउझरला १.२ किंवा १.३ येत नसेल, तर बँकेचा संगणक तेथेच नकार देऊ शकतो. एखादी सोय ब्राउझरमध्ये आहे की नाही, हेही पानातील छोट्या आज्ञावलीने तपासता येते. परीक्षेत शाई निळी आहे का आणि अक्षर वाचता येते का, हे पाहावे. पेन कोणत्या कंपनीचे आहे हे कशाला विचारावे?

मग यादी का करतात? प्रत्येक ब्राउझरवर संकेतस्थळ तपासून पाहण्यास वेळ आणि पैसा लागतो. चार तपासायचे आणि उरलेले बंद करायचे, हे सोपे पडते. भारत सरकारने २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत संकेतस्थळ एकाहून अधिक ब्राउझरवर तपासावे, असे सांगितले आहे. तपासणीचे श्रम कोणी तरी घ्यावेच लागतात. बँकेने ते टाळले, तर ते ग्राहकाच्या माथी येतात.

करून पाहा : फोनवरील क्रोममध्ये 'व्हॉट इज माय युजर एजंट' असे शोधा आणि दिसणारी ओळ वहीत उतरवून घ्या. मग यादीतून 'डेस्कटॉप साइट' निवडा आणि ओळ पुन्हा पाहा. 'अँड्रॉइड' हा शब्द नाहीसा झालेला दिसेल. तुमचा फोन बदलला का? नाही, त्याने फक्त नाव बदलून सांगितले. हा प्रयोग बँकेच्या पानावर करू नका आणि कोठेही आपला पासवर्ड लिहू नका.

शिक्षकांनी वर्गातील निरनिराळ्या फोनच्या ओळी फळ्यावर लिहाव्यात. त्यांपैकी किती ओळींत 'मोझिला' आहे, ते मोजा. आणि का आहे, हे आता तुम्हीच सांगा.