पाळकाचे स्मरण कोणी सांगावे?

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र १३:७, ८, १ तीमथ्य ३:१–५



काही दिवसांपूर्वी मुकुंदवाडी येथे एका दिवंगत पाळकाच्या स्मरणार्थ भरलेल्या उपासनेस आम्ही हजर होतो. मुकुंदवाडी हे एकेकाळी औरंगाबादेबाहेरचे खेडे. आता ते छत्रपती संभाजीनगरात मिळून गेले आहे. उपासनेत पाच वक्ते बोलले. पाळकसाहेबांनी किती बाप्तिस्मे दिले, किती लग्ने लावली, मंदिराच्या छपरासाठी वर्गणी कशी जमविली, हे सर्व सांगून झाले. पाळकीणबाई पुढच्या सतरंजीवर बसून होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. मागाहून चहाच्या वेळी त्या शेजारणीला एवढेच म्हणाल्या, "रात्री दार वाजले की साहेब उठायचे खरे, पण चूल मलाच पेटवावी लागे."

पाचही भाषणांत न आलेली गोष्ट ह्या एका वाक्यात आली, असे आम्हांस वाटले, आणि त्यातूनच आजचा पाठ निघाला आहे.

इब्री लोकांस पत्र लिहिणारा आपल्या पुढाऱ्यांची आठवण ठेवावयास सांगतो. परंतु तो तेथेच थांबत नाही. त्यांच्या वागणुकीचा शेवट काय झाला ते निरखून पाहा, असेही तो म्हणतो. आता माणसाची वागणूक निरखण्याची जागा कोणती? व्यासपीठावर तर सर्वच नीट वागतात. पौलाने तीमथ्याला लिहिताना अध्यक्षाची पारख त्याच्या घरापासून आरंभिली आहे. म्हणून पाळकाविषयी साक्ष देण्याचा पहिला अधिकार घरच्या माणसांचा, हे उघड होते. आणि नेमकी तीच साक्ष आपण घेत नाही.

आपल्या मराठवाड्यापुरते पाहू. मुकुंदवाडीवरून जाणारा रस्ता पूर्वेस जालन्यास पोहोचतो. तेथे रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी काम केले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसविले. १८९१ साली ते समुद्रप्रवासात वारले. अशा सेवकाचे स्मरण त्याच्या गावाच्या रूपाने राहते. परंतु दुसऱ्या प्रकारचे एक स्मरण आहे, ते माजघरात राहते. आणि त्याचे सर्वांत उत्तम उदाहरण मराठी ख्रिस्ती मंडळीत रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचे आहे.

टिळकांची भजने ठाऊक नाहीत अशी खेडेगावची मंडळी विरळा. त्यांचा जन्म १८६१ चा. १८८० साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या होत्या. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी तो आधी सांगितला नव्हता. घेतल्यानंतर तिला कळला. पदरी लहान मुलगा, आणि समाजाच्या दृष्टीने नवरा जिवंत असून नसल्यासारखा! चार-पाच वर्षे उभयतांची ताटातूट झाली.

येथे शिक्षकाने घाई करू नये. पुढे सर्व चांगले झाले, म्हणून हेही चांगलेच झाले, असे आम्ही म्हणणार नाही. पौलाच्या कसोटीवर १८९५ सालचे टिळक उतरतात काय, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला तर तो दडपू नये. सत्यासाठी घर सोडणाऱ्याच्या धैर्याची स्तुती आपण पुष्कळ करतो. मागे राहिलेल्या बाईच्या रडण्याचा हिशेब क्वचित करतो.

परंतु नंतरचेही पाहावे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळे त्यांनी सोडले नव्हते. त्या आपला स्वयंपाक वेगळा करीत. टिळक शीघ्रकोपी होते, ह्याविषयी त्यांच्या पत्नीनेच ग्वाही दिली आहे. तरी ह्या एका बाबतीत त्यांनी बळजबरी केली नाही. जातीचा भेद माणसांनी केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे मंडळी हाती येण्यापूर्वी घर पुन्हा जुळले होते. हा क्रम आम्हांस लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

ह्या घरात पैसा टिकत नसे. कोणी गरजू भेटला की टिळकांच्या हातचे गेलेच. मग चुलीवर काय ठेवावे ही काळजी लक्ष्मीबाईंची. दुष्काळात अनाथ झालेली लेकरे घरी आली, तीही त्यांनीच सांभाळली. पाळकाचे औदार्य मंडळीला दिसते. त्याची किंमत कोण भरतो ते मंडळीला दिसत नाही.

मग हे आपल्याला कळले कसे? टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत वारले. त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईजवळ आठवणी मागितल्या. ज्या बाईला लिहिणे-वाचणे पतीने घरी शिकविले होते, तिने त्या सांगितल्या, आणि 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचा राग आहे, विसरभोळेपणा आहे, हट्ट आहे. वाचताना हसू येते, क्वचित त्यांचा रागही येतो. तरी पुस्तक मिटल्यावर टिळक लहान झालेले दिसत नाहीत. उलट, नुसती स्तुती असती तर ते आज इतके जवळचे वाटले नसते.

लक्ष्मीबाईंनी आणखी एक काम केले. ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य 'ख्रिस्तायन' टिळकांनी आरंभिले होते. दहा अध्याय पुरे करून अकरावा अर्ध्यावर टाकून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. १९३६ साली त्या वारल्या, तेव्हा शेवटचा अध्याय मुलाने पुरा केला.

शिक्षकांस सूचना : 'स्मृतिचित्रे' मिळाल्यास ताटातुटीचा भाग वर्गात मोठ्याने वाचावा, आणि शक्यतो बाईमाणसाने वाचावा. नंतर विद्यार्थ्यांस विचारावे की, आपल्या मंडळीच्या पाळकांविषयी आपणांस जे ठाऊक आहे, त्यातले त्यांच्या घरच्यांनी सांगितलेले किती?

मुकुंदवाडीच्या पाळकीणबाईंकडे आता मंडळीतील दोन मुली रविवारी दुपारी वही घेऊन जातात. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना आधी लसूण सोलावयास बसविले आणि मग बोलावयास आरंभ केला, असे कळते.