उंदराची साखर उतरली, गोळी बंद करायची का?

‘हळदीतल्या अँटिऑक्सिडंटने मधुमेही उंदीर बरे झाले,’ असा मेसेज फिरला की दवाखान्यात कोणीतरी हमखास विचारतो, ‘डॉक्टर, मग मेटफॉर्मिन सोडू का?’ मेसेज बहुधा खराच असतो. त्या उंदराला मधुमेह झाला कसा, एवढेच त्यात नसते.

तो मुद्दाम आणलेला असतो. उपाशी ठेवलेल्या उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिनचे इंजेक्शन देतात. मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या या द्रव्याची रचना ग्लुकोजशी मिळतीजुळती, त्यामुळे ते स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत सहज शिरते आणि आतला डीएनए तोडते. ऑक्सिडेशनला तोंड देणारी विकरे या पेशींकडे मुळातच कमी. तीनेक दिवसांनी शेपटीच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घेतात. आकडा साधारण २५०च्या वर गेला की उंदीर मधुमेही ठरला. मग तो एवढे पाणी पितो आणि एवढी लघवी करतो, की पिंजऱ्यातला भुसा सारखा बदलावा लागतो.

अशा ठिकाणी अँटिऑक्सिडंटचा गुण दिसला तर नवल कसले? काही प्रयोगांत तर अँटिऑक्सिडंट हे विष टोचण्याआधीपासूनच पाजलेले असते. पोटाचा घेर वाढत वर्षानुवर्षे मुरलेला टाइप २ मधुमेह निराळा. त्यात सुरुवातीला इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही.

माणसांवरचे अनुभव संमिश्र आहेत. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिने हळदीतले कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी कोणालाच मधुमेह झाला नाही. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १६.४ टक्के लोकांना झाला. निकाल सुखावणारा आहे, पण इतका गुळगुळीत की मोठ्या चाचण्यांत पडताळल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजारांवर लोक होते, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक मधुमेही. सुमारे साडेचार वर्षे ‘ई’ जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट घेऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. जर्मनीतल्या २००९च्या अभ्यासाने तर उलटेच दाखवले: चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांना ‘सी’ आणि ‘ई’च्या गोळ्या दिल्या, तेव्हा व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारी दाद वाढलीच नाही.

आमटीतली चिमूटभर हळद खुशाल खावी. मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिन कॅप्सूलची गोष्ट वेगळी. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. पायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अल्फा लिपोइक ॲसिडने क्वचित साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, थरथर जाणवली तर आधी ग्लुकोमीटर लावावा, आकडा ७०च्या खाली असल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना कळवावे.