पोपट घेण्याआधी त्याचा वारस शोधा

निवृत्तीनंतर पोपट पाळावा का, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मुलं परगावी, घर मोठं, दिवस संपता संपत नाही आणि बोलणारा पक्षी सोबतीला असावा असं वाटतं. ही ओढ मला मनापासून कळते. माझ्या घरी बंडू नावाचा करडा आफ्रिकन पोपट आहे आणि त्याच्याविना सकाळची मला कल्पनाही करवत नाही. तरीही विचारणाऱ्याला मी आधी उलट प्रश्न करते: तुमच्यानंतर त्याला कोण बघणार?

बंडू मूळचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो पिल्लू असताना आणला. काकू गेल्यावर दोघे एकमेकांच्या आधाराने राहिले. मग काकांना पक्षाघात झाला. रुग्णालय, तिथून शुश्रूषा केंद्र, आणि घर बंद. मुलगा कॅनडात. त्याची तयारी असती तरी पक्षी सहज नेता आला नसता, कारण करडा आफ्रिकन पोपट २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्यांशिवाय तो सीमा ओलांडू शकत नाही. नातेवाइकांपैकी एकाच्या घरात दमा, दुसऱ्याच्या घरात मांजर. शेवटी पिंजरा आमच्याकडे आला, तेव्हा मीही साठी ओलांडलेली होते.

पहिल्या आठवड्यांत बंडूने छातीवरची पिसं उपटून काढली. खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. रात्री आठ वाजले की तो मोबाइलच्या गजरासारखा वाजायचा आणि लगेच विचारायचा, "अहो, गोळी घेतली का?" गजर काकांच्या औषधाचा आणि आवाज काकूंचा. काकू जाऊन बराच काळ लोटला होता, पण ते घर बंडूने जसंच्या तसं सोबत आणलं होतं. माणूस बदलणं या पक्ष्यावर किती खोल घाव घालतं, हे तेव्हा मी जवळून पाहिलं.

म्हणून आधी आयुष्याचा हिशेब मांडा. चांगली निगा राखली तर करडा पोपट चाळीस ते साठ वर्षं जगतो. मोठे मकाव आणि काकाकुवा त्याच पंक्तीतले. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयातला 'कुकी' हा काकाकुवा १९३४ मध्ये तिथे आला आणि २०१६ मध्ये ८३ व्या वर्षी मेला. त्याला सांभाळणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. साठीच्या माणसाने वर्षाचं पिल्लू घेतलं, तर पक्ष्याचं अर्धंअधिक आयुष्य दुसऱ्याच्या हाती जाणार, हे घेण्याच्या दिवशीच नक्की असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्या वाड्यांतून टांगलेला असायचा तो हिरवा, लाल चोचीचा राघू पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडच्या सगळ्याच देशी पोपटांना तो कायदा लागू आहे, मग "पिल्लू आहे, हाताळलेलं आहे" असं विकणारा कितीही सांगो. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव हे परदेशी पक्षी पाळता येतात, पण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मालक बदलला, पक्षी मेला, तर तेही कळवायचं असतं. काकांनी कागद नीट ठेवले होते, म्हणून बंडू रीतसर माझ्या नावावर आला. कागद नसलेला पक्षी कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तुमच्यामागे तो ज्याच्याकडे जाईल, त्याच्या गळ्यात तुम्ही कायद्याचा फास अडकवाल.

आता आपल्या शरीराचं. करड्या पोपटाच्या आणि काकाकुवाच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. ती वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दमा किंवा जुना खोकला असेल तर आधी छातीच्या डॉक्टरांना विचारा. पिंजऱ्याचा तळ कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजारही होऊ शकतो. ताप आणि खोकला रेंगाळला, तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तिसरं म्हणजे चावा. ही चोच कठीण कवचाची फळं फोडते. या वयात कातडी पातळ झालेली असते, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर साधी जखमही लवकर थांबत नाही. पक्षी अंगाखांद्यावर घेण्याआधी याचा विचार करा.

रोजचं कामही कमी नाही. दिवसातून काही तास पिंजऱ्याबाहेर, माणसांत, आणि रात्री दहा-बारा तास अंधारात शांत झोप, एवढं त्याला लागतंच. सकाळ-संध्याकाळ तो ओरडणार. शेजाऱ्यांच्या भिंती पातळ असतील तर हेही आधीच बघा. काकांकडे त्याला सूर्यफुलाच्या बिया भरपूर मिळायच्या. नुसत्या बियांवर हे पक्षी लठ्ठ होतात, 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, आणि करड्या पोपटात कॅल्शियम कमी होऊन झटकेही येतात. पक्ष्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मी पेलेट्सची सवय लावली. जोडीला उकडलेलं रताळं, गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग आणि शेवग्याचा पाला. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि खारवलेलं काही त्याच्या चोचीला लागू द्यायचं नाही. नॉनस्टिकचं भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरतो, म्हणून आमच्या घरातून ती भांडी कायमची गेली.

पिसं उपटणं थांबायला वेळ लागला. नारळाच्या करवंट्या, काथ्या, कडुलिंबाच्या ताज्या फांद्या असं कुरतडायला रोज काहीतरी नवं दिलं, झोपेची वेळ पक्की केली, कोवळ्या उन्हात बसवलं. हळूहळू छाती पुन्हा भरली. दर रविवारी मी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं करते आणि वजन लिहून ठेवते. पक्षी आजार लपवतात. वजन घटणं हीच बहुधा पहिली खूण. प्रत्येक पशुवैद्य पक्षी तपासत नाही, तेव्हा तपासणारा आपल्या गावात कोण, हे पक्षी आणण्याआधी शोधा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बंडू नावावर झाला त्याच महिन्यात मी भाचीशी बोलले. ती तिशीतली आहे आणि तिला पक्ष्यांची हौस आहे. नुसत्या "हो मावशी"वर मी थांबले नाही. तिच्या नवऱ्याचा होकार घेतला, भाड्याच्या घरात चालेल का ते घरमालकाला विचारायला लावलं. ती नियमाने येते, त्याला हाताने भरवते, आम्ही गावाला गेलो की तो तिच्याकडे राहतो. आता तो तिच्या मनगटावर न घाबरता चढतो. माझं काही झालं तर तो अनोळखी घरी जाणार नाही.

त्याची एक वही केली आहे. त्यात खाणं, वजनं, डॉक्टरांचा नंबर, नोंदणीचे कागद कुठे आहेत ते, आणि त्याच्या खोडी. लाल बादलीला तो घाबरतो. मान खाजवलेली आवडते, पाठीला हात लावलेला नाही. रात्री आठ वाजता गोळीचं विचारलं की "घेतली" म्हणायचं, मग तो गप्प होतो. शेजारणीकडे घराची जास्तीची किल्ली आहे, म्हणजे मला अचानक रुग्णालयात जावं लागलं तरी तो उपाशी राहायचा नाही. मृत्युपत्रात बंडू भाचीच्या नावे लिहिला आहे. आपल्या कायद्यात पक्ष्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत, म्हणून त्याच्या खर्चाची रक्कमही तिच्याच नावे वेगळी नमूद केली आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. तेही वकिलांकडून नीट करून घ्या.

सोबत हवीच असेल तर दोन वाटा सुचवते. पिल्लू घेऊ नका. कुणाचा तरी सुटलेला, वयाने पोक्त, कागद असलेला पक्षी घ्या. त्याला घर मिळेल आणि तुमच्या-त्याच्या उरलेल्या वर्षांचा मेळही बसेल. किंवा बजरीगर, कॉकाटिल असे लहान पक्षी पाळा. बजरीगर साधारण पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकाटिल पंधरा ते वीस. पण एक ध्यानात ठेवा, त्यांनाही एकटेपणा सोसत नाही.

पोपट घ्यायला निघालात तर दुकानाच्या आधी त्या माणसाच्या दारी जा, जो तुमच्यानंतर त्याला सांभाळणार आहे. त्याचा होकार कागदावर घ्या. असा माणूस मिळत नसेल तर पक्षी आणू नका.