जुन्या पट्ट्याची जबानी

भिवपुरीच्या माणसास वीज म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही, अशी आमच्याकडे एक समजूत आहे. मावळातील आंद्रा नदी ठोकरवाडीस अडवून, तिचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खोल नळांतून उतरवून, १९२२ साली येथे आंध्रा व्हॅली कंपनीचे वीजगृह सुरू झाले. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी आजही पेज नदीवाटे उल्हासेस मिळते. मोटारीच्या बॉनेटखालचा अल्टरनेटर त्या प्रचंड यंत्रांच्याच कुळातला. भेद इतकाच की त्यास पाण्याऐवजी रबराचा एक पट्टा फिरवतो. तथापि मोटारीतील वीज आटली की आमच्या गावचा माणूसही सर्वसाधारण नागरिकाप्रमाणे प्रथम बॅटरीवर फिर्याद गुदरतो, आणि ती बहुधा निर्दोष असते.

माझी मोटार पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, जिला अद्यापही लोक फियाटच म्हणतात. मूळच्या डायनॅमोच्या जागी कोणा पूर्वीच्या मालकाने तिला अल्टरनेटर बसवून घेतला होता. ह्या गाडीत एकच पट्टा इंजिनच्या पुलीवरून निघून अल्टरनेटर फिरवतो आणि वॉटर पंपही फिरवतो, व पंपाच्याच नाकावर पंखा असतो. म्हणून लोक त्यास फॅनबेल्ट म्हणतात ते यथार्थ आहे. पट्टा गेला म्हणजे केवळ दिवे जात नाहीत, तर पाण्याचे अभिसरण आणि वारा ही दोन्ही त्याच क्षणी थांबतात.

खोपोलीहून परतताना पळसदरीच्या अलीकडे, भर आषाढातील रात्री, हे तीनही परिणाम मी एका बैठकीत पाहिले. प्रथम तांबडा दिवा लागला. मग वायपर असा मंदावला की काचेच्या मध्यावर येऊन विचार करू लागला. हेडलाइट पिवळे पडले, आणि तापमानाचा काटा चढू लागला. अशा वेळी गाडी कडेस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे, ‘घर आता जवळच आहे’ ह्या युक्तिवादास बळी पडू नये, आणि रेडिएटरचे झाकण तर पुरते थंड होईपर्यंत उघडूच नये. सुतळी किंवा नायलॉनच्या दोरीचा तात्पुरता पट्टा करण्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांचे सांगणारे पुष्कळ आणि करून पाहिलेले थोडे.

वस्तुतः हा काही पहिलाच पट्टा नव्हता. त्यापूर्वीचेही अल्पायुषी ठरले होते, आणि ज्या गॅरेजात ते बदलले जात तेथील निकाल प्रत्येक खेपेस एकच असे: ‘हल्ली मालच खराब येतो.’ नवा पट्टा चढवावा, तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणावा आणि पैसे घ्यावेत, एवढ्यावर तेथील तपास संपत असे.

आमच्या शेजारी वीजगृहाच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. मी घरीच पट्टा बदलण्याच्या तयारीने नवा पट्टा, पाने आणि टॉमी मांडून बसलो असता ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “जुना कुठंय? तो आधी दाखवा. नवा काय सांगणार?”

तुटलेला पट्टा डिकीत होता. त्यांनी तो अंगणातील उजेडात धरून, आतली बाजू बाहेर येईल असा दुमडून, इंचाइंचाने बोटाखालून नेला. पट्ट्याच्या अंगावर त्याच्या मृत्यूचे कारण लिहिलेले असते, हे मला तेव्हा कळले. आडव्या बारीक चिरा सर्वत्र सारख्या असतील तर ते निव्वळ वार्धक्य. दोन्ही कडा काचेसारख्या चकाकत असतील तर पट्टा सैल राहून घसरत होता. रबर मऊ, फुगीर आणि चिकट लागले तर कोठून तरी तेल गळते आहे, आणि ते बंद केल्यावाचून नवा पट्टा घालणे व्यर्थ. तळ चकाकत असेल तर मामला गंभीर. कारण हा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बगलांनी धरून चालावयाचा असतो, आणि तो तळाशी टेकला म्हणजे एक तर पट्टा चुकीच्या रुंदीचा किंवा खाचच झिजलेली. आमच्या पट्ट्याची एकच कड कुरतडल्यासारखी होऊन तीतून धागे बाहेर आले होते; दुसरी जवळजवळ नवी होती.

“रेषेत नाही,” काका म्हणाले. ज्यांचे आयुष्य टर्बाइन आणि जनरेटरचे दंड एका रेषेत राखण्यात गेले, त्यांना ह्यासाठी काही फार उपकरणे लागली नाहीत. पट्टा काढलेला असताना त्यांनी इंजिनच्या पुलीच्या तोंडास ओळंब्याची दोरी टेकवून ती अल्टरनेटरच्या पुलीकडे ताठ नेली, तो तेथे मध्ये एखादे नाणे सरकेल एवढी फट दिसली. दोन्ही पुल्यांच्या जाडीत फरक नाही, हे त्यांनी त्याआधीच पाहून घेतले होते. तो असता तर तोंडांऐवजी खाचांचे मध्य जुळवावे लागते. पूर्वी कधी तरी बसवलेला अल्टरनेटर तेवढा मागे राहिला होता, आणि प्रत्येक नवा पट्टा तिरक्या वाटेने मिनिटास हजारो फेऱ्या करीत आपली एक कड झिजवीत होता. ब्रॅकेट आणि अल्टरनेटरच्या कानामध्ये एक जाड वॉशर पडला आणि फट नाहीशी झाली.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. इंजिन थंड असावे, किल्ली खिशात असावी, आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल सर्वांत आधी सोडावे. कारण अल्टरनेटरच्या मागील जाड तारेत गाडी बंद असतानाही वीज असते आणि पाना तेथून बॉडीस टेकला तर ठिणगीचे जे दर्शन घडते ते एकदाच पुरे होते. अंगठी, कडे, गळ्यातील साखळी काढून ठेवावी; उपरणे घेऊन बॉनेटखाली वाकणाऱ्यास माझा साष्टांग नमस्कार. मग खालचा मोठा बोल्ट, ज्यावर अल्टरनेटर झुलतो तो, आणि वरच्या लांब खाचेच्या पट्टीतील बोल्ट, हे दोन्ही सैल करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की पट्टा आपोआप ढिला पडतो. तो पंख्याच्या एकेका पात्यावरून सोडवून घ्यावा. पुल्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात, त्यांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. नवा पट्टा त्यावरील क्रमांक पाहून घ्यावा, जुन्याशी लांबी जुळवून नव्हे. जुना ताणलेला असतो. तो सहज चढत नसेल तर अल्टरनेटर आणखी आत सारावा, परंतु स्क्रूड्रायव्हरने तरफ देऊन चढवू नये, कारण त्याने आतले धागे तुटतात व ती इजा बाहेरून दिसत नाही.

खरे कौशल्य ताणात आहे. टॉमीचा आधार अल्टरनेटरच्या पुढील कवचास द्यावा, मधल्या भागास नव्हे. बाहेरच्या बाजूस बेताने ओढून आधी पट्टीतील बोल्ट आणि मग खालचा आवळावा. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब अंतराच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबले असता जुन्या पद्धतीचा असा पट्टा साधारणपणे अर्धा इंच दबावा. आपल्या गाडीच्या पुस्तकात निराळा आकडा असल्यास तोच प्रमाण. सैल पट्टा ओरडून तक्रार तरी करतो. अति ताणलेला मात्र निमूट चालतो, आणि त्याची किंमत अल्टरनेटरचे व पंपाचे बेअरिंग भरते, जी पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट असते. पावसाळ्यात सकाळी गाडी चालू करताच क्षणभर किंचाळणे आणि थांबणे हा दमटपणाचा परिणाम आहे. त्यावर उठून पाना घेऊ नये. दिवे लावल्यावर किंवा चढावर ते चालूच राहिले तर मात्र घ्यावा.

काम झाल्यावर इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टमीटर धरावा: बंद असताना साडेबाराच्या आसपास दाखवणारा काटा चौदाच्या जवळ गेला म्हणजे अल्टरनेटर कामावर रुजू झाला असे समजावे. नवा पट्टा प्रारंभी थोडा ताणला जातो, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर अंगठ्याची परीक्षा पुन्हा घ्यावी.

हे सर्व साध्या, एका खाचेच्या पट्ट्याविषयी झाले. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत लांबलचक, अनेक रेघांचा एकच पट्टा एसीपर्यंत सर्व काही फिरवतो आणि त्याचा ताण स्प्रिंगची पुली सांभाळते. तो काढण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे चित्र कागदावर उतरवून घ्यावे. इंजिनच्या आतील वेळ राखणारा टायमिंग बेल्ट हे सर्वस्वी निराळे प्रकरण आहे, त्यास घरी हात लावू नये. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तर ब्रेकला साह्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. तेथे पट्टा तुटला की दोन-चार वेळा दाबल्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. अशी गाडी घेऊन खंडाळ्याचा घाट उतरू नये, ती वरच उभी करून ओढून नेण्याची व्यवस्था करावी, मग खर्च काहीही येवो.