टेकू कुणाला दिलास?

चिंचवड
8 जुलै

चि. मनू,


रविवारी फोनवर तू घाईत होतीस म्हणून काही बोलले नाही. बोलले असते तर "आत्या, तुझ्या काळी वेगळं होतं गं" म्हणत तू विषय मिटवला असतास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, एवढा एक फायदा आहे.

टीम लीड झालीस, मुलाखतीच्या पॅनेलवर बसायला लागलीस, याचा आनंद आहेच. पण बोलता बोलता तू एका मुलाबद्दल म्हणालीस, "हुशार होता, पण आपल्या टीममध्ये बसणार नाही असं वाटलं." मी विचारलं, काय बसणार नाही? तर तू म्हणालीस, "तसं सांगता येत नाही, पण कळतं ना." मनू, तेहतीस वर्षं मी भोसरीच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात काढली. हे 'कळतं ना' मला फार चांगलं ओळखीचं आहे. मीही त्याच्या भरवशावर माणसं घेतली आणि नाकारली.

एक गोष्ट सांगते. तुझ्या बाबालाही मी ती कधी सांगितलेली नाही.

1991 साली आम्ही आयटीआय झालेली फिटर मुलं अप्रेंटिस म्हणून घेत होतो. फोरमन आणि मी असे दोघं बसायचो. टेबलावर एक तयार जॉब आणि वर्नियर कॅलिपर ठेवलेला असायचा. मुलाने माप घ्यायचं, वाचून सांगायचं, शेरा मी लिहायची. तुला वर्नियर माहीत नसेल. त्याला एक मुख्य पट्टी असते आणि तिच्यावर फिरणारी सरकपट्टी. वाचायचं ते सरकपट्टीवरच्या शून्यापासून. पण नवशिका मुलगा घाबरला की सरकपट्टीची कड पकडतो आणि तिथून वाचतो. ही चूक इतकी नेहमीची, की फोरमन तिला 'पहिल्या दिवसाची चूक' म्हणायचे.

2009 साली ऑफिस हलवताना जुन्या फायली रद्दीत काढत होतो, तेव्हा 1991 च्या त्या मुलाखतींचे कागद हाती आले. सहज चाळले. एका सकाळचे दोन कागद एकाखाली एक होते, दोन्हींवर अक्षर माझंच. पहिल्यावर लिहिलं होतं: 'कडेपासून वाचले. सुचवल्यावर लगेच सुधारले. शिकेल.' दुसऱ्यावर: 'कडेपासून वाचले. पाया कच्चा.'

चूक तीच होती. पहिल्या मुलाला मी म्हणाले असणार, "अरे, शून्य कुठं आहे बघ जरा." दुसऱ्याला म्हणाले नाही, कारण म्हणाले असते तर तेही लिहिलं असतं. माझी ती सवयच होती. पहिला मुलगा मला अजून आठवतो. चिंचवड गावातला, केस तुझ्या बाबासारखे मागे फिरवलेले, चुकल्यावर हसला आणि "सॉरी मॅडम" म्हणाला. दुसरा लातूरकडचा होता एवढं कागदावरच्या पत्त्यावरून कळलं. चेहरा काही केल्या आठवेना. तो 'पाणी'ला 'पानी' म्हणत असणार आणि मी मनात काहीतरी ठरवून टाकलं असणार. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, की बाई, तू भेदभाव करतेस का, तर मी शपथेवर नाही म्हटलं असतं. आणि ते माझ्या परीने खरंही होतं. त्या मुलाबद्दल माझ्या मनात काहीच वाईट नव्हतं, फक्त त्याच्यासाठी एक वाक्य खर्च करावंसं मला वाटलं नाही.

तेव्हापासून या सगळ्या प्रकाराकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघते. आपण दुसऱ्याला ढकलतो की नाही, हे जो तो तपासतो आणि 'छे, मी नाही ढकलत' म्हणून मोकळा होतो. मी म्हणते, टेकू कुणाला दिलास ते बघ. आपल्यासारखं बोलणारा अडखळला की आपण प्रश्न सोपा करून विचारतो, अर्धं उत्तर आपणच तोंडात घालतो, "आज टेन्शन आलं असेल" म्हणतो. तुझ्या परवाच्या मुलाला किती टेकू मिळाले आणि ज्याला घेतलंत त्याला किती, मोजलेस का?

आपल्याकडे तर आडनावातच अर्धी मुलाखत होते. "पूर्ण नाव सांगा", मग "मूळ गाव कुठलं?" आणि त्याने समाधान झालं नाही की "म्हणजे कुणापैकी?" माझी आई हा प्रश्न दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही विचारायची, मायेनेच विचारायची. पण तोच प्रश्न सूटबूट घालून ऑफिसात येतो तेव्हा त्याला 'फॅमिली बॅकग्राउंड' म्हणतात. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी 2007 साली एक लेख लिहिला. दिल्ली भागातल्या मोठ्या कंपन्यांच्या पंचवीस एचआर मॅनेजरांशी ते बोलले होते. आम्ही गुणवत्ताच बघतो, जातबीत काही बघत नाही, असं हे मॅनेजर सांगत होते, आणि उमेदवाराच्या घरची माहिती विचारतो हेही बहुतेकांनी तितक्याच सहजपणे सांगितलं. वडील काय करतात, भावंडं किती शिकली, वाढलास कुठे. वाचताना मला घाम फुटला. ते दोघे संशोधक सव्विसावी म्हणून माझ्याकडे आले असते तर मीही हेच सांगितलं असतं.

'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या त्याच अंकात आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास होता. त्यांनी सरळ युक्ती केली. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4808 अर्ज पाठवले. मुख्य तुलनेत शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बदललं ते नाव. एखादं उच्चवर्णीय हिंदू, एखादं दलित, एखादं मुस्लीम वाटेल असं. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश निघाली. यात कुणाचं बोलणं नाही, उच्चार नाही. नुसता कागद. आणि तो कागद बाजूला ठेवणाऱ्या क्लार्कबाईंना संध्याकाळी विचारलं असतं तर त्यांना एकही अर्ज आठवला नसता, याची मी खात्री देते.

तुमच्याकडे असा नकळतचा भेदभाव टाळण्यासाठी एक दिवसाचं ट्रेनिंग झालं म्हणालीस. झालं ते चांगलंच झालं. मनातले छुपे पूर्वग्रह शोधायला संगणकावर शब्द आणि चेहरे जुळवायची ती चाचणीही करून बघ, मी केली आहे. ती पुढे आणणाऱ्यांपैकी माहझरीन बनाजी सिकंदराबादच्या. पण त्या चाचणीवरून माणूस प्रत्यक्षात कसा वागेल हे कितपत सांगता येतं, यावर तज्ज्ञांमध्येच वाद आहेत. आणि खरं सांगू? ट्रेनिंगचं प्रमाणपत्र मिळाल्यावर माणूस स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजायला लागतो, तेव्हा मला जास्त धास्ती वाटते. मला बोस्टनच्या सिंफनीवाल्यांची युक्ती अधिक पटते. 1952 पासून त्यांनी वादकांची परीक्षा पडद्याआड घ्यायला सुरुवात केली. पुढे इतर ऑर्केस्ट्रांनीही तेच केलं आणि काहींनी तर बायकांच्या टाचांचा आवाज परीक्षकांच्या कानावर पडू नये म्हणून गालिचा अंथरला. परीक्षकांचं मन सुधारेपर्यंत कुणी थांबून राहिलं नाही.

तुला पडदा लावता येणार नाही, पण सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारता येतील. पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपले गुण आधी कागदावर लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं, हेही जमेल. नाहीतर सगळ्यात सीनियर माणूस "काय, मजा नाही आली" म्हणतो आणि बाकीच्यांचे आकडे आपोआप खाली येतात. टेकूसाठी एक रकाना ठेव. सुचवलं तर तिथे खूण करायची, आणि एकाला सुचवलं तर सगळ्यांना सुचवायचं. 'बसणार नाही' हा शब्द मात्र कागदावर येऊच देऊ नकोस. काय विचारलं, काय उत्तर आलं, तेवढंच लिहायचं.

आता दुसरं. तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस, की दिवाळीत सपोर्टला कोण थांबणार हा प्रश्नच आला नाही, तुमच्या इंफाळच्या मुलीला ठेवलं, तिला कुठे दिवाळी असते! मनू, तिला विचारलं होतंस का? ती ख्रिश्चन असेल असं तू धरून चाललीस. इंफाळच्या खोऱ्यात बहुसंख्य मैतेई आहेत, त्यांच्यात हिंदू आहेत, सनामही मानणारेही आहेत. आणि बहुतेकदा आपल्या भाऊबीजेच्या सुमारासच त्यांचा निंगोल चाकौबा येतो. लग्न झालेल्या लेकी त्या दिवशी माहेरी जेवायला जातात. हीसुद्धा मैतेई आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल, तर तू ओवाळत होतीस त्याच सुमाराला ती तुमच्या एसीत बसून तिकिटं बंद करत असणार. ती बोलली नाही, कारण नवीन माणूस बोलत नाही. 1979 साली मी लागले तेव्हा मीही बोलले नव्हते. साहेबांनी मुलाखतीत मला विचारलं होतं, "लग्न झाल्यावर काय करणार?" आणि मी मान खाली घालून "बघू" म्हणाले होते.

तुझ्या टीममधल्या तमिळ मुलाला तुम्ही ज्या नावाने हाक मारता ते त्याच्या वडिलांचं नाव निघालं, हे तू हसत सांगितलंस. त्यांच्याकडे पुष्कळांना आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लावतात, आणि तुमचा फॉर्म आडनावाशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून त्याने वडिलांचं नाव भरलं. तू आठ महिने त्याच्या बापाला हाक मारते आहेस. हिंदीवाले आपल्या टिळकांना तिलक म्हणतात तेव्हा तुझा बाबा किती चिडतो, आठवतं ना?

मराठीचंही सांगते, नाहीतर म्हणशील आत्या आपल्याच भाषेवर उठली. टपरीवर चहा पिताना खुशाल मराठीत बोल, मी बोलले असते. मुंबईत मराठी माणसाला 'घाटी' म्हणणारे आम्ही ऐकले आहेत, त्यामुळे दुसऱ्याला आपलेपणा वाटावा म्हणून आपली भाषा गिळावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण टपरीवर कामाचा निर्णय झाला असेल तर वर येऊन तो सगळ्यांना कळेल अशा भाषेत पुन्हा सांग. आणि तुझा तो नांदेडचा मुलगा इंग्रजी मीटिंगमध्ये गप्प बसतो, त्याला नंतर मराठीत विचार. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

मायक्रोवेव्हवर कुणीतरी 'नॉनव्हेज गरम करू नये' अशी चिठ्ठी लावली आहे म्हणालीस. ती काढ. सुकटीचा वास मलाही सहन होत नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण आपल्या ठेच्याच्या फोडणीने तुमचा लखनौवाला दारापाशी खोकत उभा राहतो, त्याने कुठे चिठ्ठी लावली? एक्झॉस्ट फॅन बसवून घे, दोन हजारांचं काम आहे.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जड जातं. माझ्या खात्यात एक मुस्लीम सहकारी होता. पत्रव्यवहारात ढिला, पण माणसं सांभाळण्यात फार चांगला. आपण काही बोललो तर त्याला वाटेल धर्मावरून बोलतात, या भीतीने मी दोन वर्षं त्याची एकही चूक दाखवली नाही. बाकीच्यांना मी टाकून बोलायची, त्याच्याशी मात्र गोड. प्रमोशनच्या वेळी त्याच्या ड्राफ्टवर बोट ठेवलं गेलं. तो माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाला, "मॅडम, मला आधी का नाही सांगितलंत?" माझ्या दृष्टीने ती माझी सभ्यता होती. त्याला तिची किंमत एका बढतीने मोजावी लागली. म्हणून तुझ्या टीममधल्या कुणालाही काचेच्या भांड्यासारखं वागवू नकोस. चुकलं तर चुकलं म्हण, सगळ्यांना एकाच आवाजात.

त्या परवाच्या मुलाला नकाराची मेल गेली का? गेली नसेल तर उद्या त्याचा आणि ज्याला घेतलंत त्याचा, असे दोन्ही कागद शेजारी ठेवून दहा मिनिटं बघ. त्यानंतरही नकार द्यावासा वाटला तर दे, माझी हरकत नाही.

पुढच्या रविवारी जेवायला ये, आणि त्या इंफाळच्या मुलीला घेऊन ये. तिचं नाव तू फोनवर दोनदा सांगितलंस तरी मला लिहून घेता आलं नाही. तुला तरी नीट म्हणता येतं का, कोण जाणे. तिच्याकडूनच शिकेन. पापलेट आणणार आहे, पण तिला मासे चालतात का हे आधी तिला विचारून मला कळव. मणिपूरची म्हणजे खातच असेल, असं धरून चालू नकोस.

तुझी
आत्या