घरातला पोलीस कसा शोधावा

आपल्या ट्रस्टमधील पुष्कळ कुटुंबांचे मूळ खानदेशात आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने ही घरे इकडे आली आणि येताना ट्रंकेत कोणाचा कातडी पट्टा आला, कोणाची पेन्शनची चोपडी. वर्गात एखादे मूल अभिमानाने सांगते, “माझे पणजोबा फौजदार होते.” आम्ही विचारतो, “कोणत्या जिल्ह्यात?” तेथे बहुधा उत्तर थांबते. वास्तविक शोधाचा आरंभ तेथूनच करावयाचा असतो.

पोलीस दल जिल्ह्याजिल्ह्याचे असे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १९९८ सालचा. तेव्हा नंदुरबारच्या जुन्या शिपायाचा माग धुळ्याच्या नावाने काढावा लागतो. आपला सुरत जिल्हाही १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होता, म्हणून येथील जुने सरकारी कागदही मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात.

शिपायाची खूण म्हणजे बक्कल नंबर. नावावर फार विसंबू नये. एकाच तुकडीत तीन शेख हुसेन असू शकतात. त्यांना वेगळे करतो तो हा नंबर आणि ‘वल्द’पुढील बापाचे नाव. मात्र जिल्हा बदलला की नंबरही बदले, हे विसरू नये. अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या सरकारी गॅझेटात सापडतात. साध्या शिपायासाठी तेथे दिवस घालवू नयेत. त्याचे सेवापुस्तक किंवा पेन्शनचा हुकूम हाच आधार. गावचा पोलीस पाटील आणि जागल्या हे तर जिल्हा दलाचे नोकरच नव्हते. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालील ही माणसे वतनाच्या, म्हणजे महसुली दप्तरात भेटतात. (घरच्या आठवणीत जागल्याचा जमादार आणि जमादाराचा इन्स्पेक्टर होण्यास दोन पिढ्या पुरतात, असा आमचा अनुभव आहे!)

डिटेक्टिव्हांची गोष्ट निराळी. त्यांचे काम कोर्टाच्या कागदांत उतरते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा प्रकार घडला. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासास आले, त्यांच्यासोबत अकबर अली व अब्दुल अली हे दोन नावाजलेले अंमलदार होते. रावजी हवालदाराच्या पट्ट्यातून विषाची पुडी अकबर अलींनी काढली. पुढे १८७५ मध्ये कमिशनपुढे मल्हारराव गायकवाडांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी त्यांची कसून उलटतपासणी केली आणि पुडी खरोखर तेथे होती काय, असा संशय उभा केला. सहा सभासदांत तीन-तीन अशी फूट पडली. तरी मल्हाररावांना गादी सोडावी लागली. ही साक्ष छापली गेली आहे. ती वाचणाऱ्यास एकाच माणसाचे शौर्यही दिसते आणि त्याच्यावरचा संशयही. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही पाने वाचावीत, एक फाडू नये.

हे सांगणे सोपे आहे. आमच्या परिचयाच्या एका घरी आजी ट्रंक उघडू देईनात. कारण विचारता म्हणाल्या, “मास्तर, बेचाळीस साली ते पोलिसात होते. नको ते निघालं तर?” ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. त्या घरात ही तारीख कोणी कधी मोठ्याने उच्चारली नव्हती.

अखेर नातीने समजूत घातली आणि ट्रंक उघडली. सेवापुस्तकात जिल्हा पश्चिम खानदेश, दलात भरती १९३८, बक्कल नंबर स्पष्ट. परंतु १९४२ च्या पानावर ठाण्याचे नाव पाणी लागून पुसले गेले होते. आजी बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “वाचता येतं तेवढं लिही.” नातीने फोटोच्या मागे जिल्हा, साल व नंबर लिहिला आणि ठाण्याची जागा कोरी ठेवली. धुळ्याला अर्ज करण्यासाठी बक्कल नंबर तिने वेगळ्या चिठ्ठीवर उतरून घेतला आहे.